‘प्रभूने मला सांगितले’ असे कोणी म्हटले, तर ते कशावर पारखावे?

एका वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने:

“आम्ही सोलापूरचे. आजेसासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी बायबलचे वचन वाचले जाते. दोन वर्षांपासून वस्तीतल्या प्रार्थनासभेत एक भगिनी येतात. प्रार्थना करता करता त्या थांबतात आणि ‘प्रभू मला सांगतो आहे’ असे म्हणून संदेश देतात. माझ्या पतीचे ऑपरेशन सुखरूप पार पडेल, हा त्यांचा संदेश खरा ठरला आणि तेव्हापासून सासूबाईंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. आता त्यांनी सांगितले आहे की, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलीने शिक्षण थांबवून त्यांच्या ओळखीच्या एका सेवकाशी, म्हणजे धर्मसेवा करणाऱ्या माणसाशी, लग्न करावे, अशी देवाची इच्छा आहे. मुलगी रडते, पण उघड नाही म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, देवाचा शब्द मोडला तर घरावर संकट येईल. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, ‘आई, बायबल तरी काय, माणसांनीच लिहिले आणि माणसांनीच सभा भरवून निवडले. मग त्या बाईंच्या बोलण्यात आणि त्या पुस्तकात फरक काय?’ मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. मी काय करू?”

प्रिय भगिनी, सलाम.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण ती थांबण्यासारखी नाही. तुमच्या मुलीचे कॉलेज या महिन्यात सुटता कामा नये आणि लग्नाबाबत कोणालाही होकार जाता कामा नये. ज्या इच्छेमागे देव आहे, ती पारखून घेण्यासाठी चार महिने थांबल्याने बिघडत नाही. घाई करा, विचारू नका, नाहीतर संकट येईल, अशा भाषेत जो संदेश येतो, त्याची पारख तर अधिकच सावकाश करायला हवी.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. सासूबाई आणि तुमचा मुलगा परस्परविरुद्ध टोकांना उभे आहेत असे तुम्हांला वाटते, पण पत्र पुन्हा पुन्हा वाचताना मला दिसले ते असे की, दोघेही एकाच ठिकाणी येऊन पोहोचले आहेत. सासूबाईंनी संदेशाला शास्त्राच्या उंचीवर नेऊन ठेवले आहे आणि मुलाने शास्त्राला संदेशाच्या पातळीवर आणून ठेवले आहे. दोघांच्या हिशेबात त्या भगिनींचे बोलणे आणि पवित्र शास्त्र यांचे वजन सारखेच ठरते. म्हणून तुम्हांला दोन वेगळी उत्तरे शोधत बसण्याची गरज नाही.

माझे वडील इथल्या एका चादरीच्या दुकानात कामाला होते. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसत असे. गल्ल्याशेजारी एक लोखंडी मीटरपट्टी असायची आणि तिच्या टोकाशी वजनमाप खात्याचा शिक्का उठवलेला असायचा. एकदा एका खेडवळ बाईंना मापाबद्दल शंका आली. मालक थोडे चिडले, पण वडिलांनी काही न बोलता पट्टी उचलून त्या बाईंच्याच हातात दिली आणि म्हणाले, “तुम्ही स्वतः मोजा.” त्या बाईंनी चादर फरशीवर पसरली, गुडघ्यावर बसून काठ धरून पट्टी लावत लावत मोजली आणि समाधानाने पैसे दिले. त्या दिवशी मला जे कळले, ते पुढे शास्त्र शिकताना फार उपयोगी पडले. पट्टी दुकानदाराच्या मालकीची असते, ती त्याच्याच दुकानात टांगलेली असते, पण तिची लांबी दुकानदार ठरवत नाही. मालक गिऱ्हाइकाला त्याच पट्टीने माल मोजून देतो आणि कारखान्यातून माल घेतानाही तीच पट्टी लावतो. ती त्याच्या हातात असली, तरी त्याच्यावर तिची सत्ता चालते.

आपण ज्याला शास्त्राचा ‘कॅनन’, म्हणजे प्रमाण मानलेल्या पुस्तकांचा संच, म्हणतो, तो शब्दही मापाचाच आहे, हे तुमच्या मुलाला जरूर सांगा. हिब्रू भाषेत ‘काने’ म्हणजे बोरू. सरळ बोरू मापासाठी वापरत आणि त्याच कुळातला ग्रीक ‘कानोन’ म्हणजे मोजण्याची काठी, नियम. मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, बायबलची ही ६६ पुस्तके जपली, नकलली, वाचून दाखवली, यात शंका नाही. पण जपणे वेगळे आणि प्रमाण ठरवणे वेगळे.

मुलाने ‘सभा भरवून निवडले’ असे जे म्हटले आहे, ते मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून पुष्कळांच्या कानी पडते. बहुधा त्याचा रोख इ.स. ३२५ च्या निकियाच्या सभेवर असेल. त्या सभेपुढचा मुख्य वाद अरियसच्या शिकवणीचा होता, म्हणजे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही, हा होता. पुस्तकांची निवड हा तिथला विषयच नव्हता. नव्या कराराची आज आपल्या हाती असलेली २७ पुस्तके, नेमकी तेवढीच, एका यादीत आपल्याला दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इ.स. ३६७ मध्ये ईस्टरच्या सणानिमित्त लिहिलेल्या पत्रात. पण त्याच्या खूप आधी, इ.स. १८० च्या सुमारास, बिशप इरेनियस येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारच शुभवर्तमानांविषयी असे बोलतो की, जणू ती गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे. त्याहीपूर्वी प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला सांगतो की, हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा आणि तिकडचे पत्र तुम्ही वाचा. म्हणजे ही लिखाणे हातोहात फिरत होती, उपासनेत वाचली जात होती, छळाच्या दिवसांत लपवून जपली जात होती. पुढे जी यादी झाली, तिने आधीपासून मंडळ्यांत चालत असलेली गोष्ट कागदावर मांडली. इब्री लोकांस पत्र, याकोबाचे पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण अशा काही पुस्तकांबाबत बराच काळ मतभेद राहिले, हेही त्याला मोकळेपणाने सांगा. ते लपवण्याजोगे नाही. जे डोळे झाकून स्वीकारले जाते, त्यावर कोणी इतकी वर्षे चर्चा करत नाही.

माणसांनीच लिहिले, हे त्याचे म्हणणे तर शास्त्र स्वतःच मान्य करते. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतो की, त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून त्या अनुक्रमाने लिहिल्या. आकाशातून तयार ग्रंथ खाली आला, असा दावा आपण कधी केलेला नाही. देवाने माणसांकडून, त्यांच्या भाषेत, त्यांच्या स्वभावासकट लिहून घेतले, असा आपला विश्वास आहे. नकला करतानाही फरक पडले आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन फार महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. हे मी आमच्या संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना स्वतःहून सांगत असे, कारण हे त्यांना पहिल्यांदा आपल्याकडून कळले तर ती विचार करतात आणि बाहेरून कळले तर आपल्यापासून काही लपवले गेले असे त्यांना वाटते. दुसऱ्या बाजूने हेही सांगावे की, १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत जी हस्तलिखिते सापडली, त्यांत यशयाचे संपूर्ण पुस्तक होते आणि ते तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे एक हजार वर्षे जुने होते. वर्णलेखनाचे व शब्दांचे काही फरक सोडले, तर ते आपण वाचतो तेच यशयाचे पुस्तक होते.

पण एवढ्याने तुमचा मुलगा विश्वास ठेवील, असे मी म्हणत नाही. हस्तलिखितांचा हिशेब वाटेतले दगड बाजूला करतो. वाट चालायची ती ज्याची त्यानेच. आपला विश्वास आधी पुस्तकावर बसून मग ख्रिस्तापर्यंत पोहोचतो, असेही नाही. आरंभी साक्षीदार होते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले तेव्हा येशूच्या मरणाला पंचवीसएक वर्षे झाली होती आणि तो लिहितो की, उठलेल्या प्रभूला एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांनी पाहिले व त्यांच्यापैकी बहुतेक आजवर जिवंत आहेत. जाऊन विचारा, असाच त्याचा अर्थ होतो. आणि उठलेला प्रभू स्वतः अम्माऊसच्या वाटेवर त्या दोन खचलेल्या शिष्यांबरोबर चालला, तेव्हा त्याने काय केले? चमत्कार दाखवून त्यांना दिपवणे त्याला सहज शक्य होते. तो त्यांना मोशे आणि संदेष्टे यांच्या लिखाणातून आपल्याविषयीच्या गोष्टी समजावून सांगत मैलोगणती चालला. त्यांनी त्याला ओळखले ते त्यानंतर, भाकर मोडताना. ज्याला आपण प्रभू म्हणतो, त्यानेच शास्त्राला हा मान दिला, म्हणून आपणही देतो. माझ्या दृष्टीने सगळ्या युक्तिवादांचे मूळ इथे आहे. आपले कॅथलिक बांधव शास्त्राबरोबर मंडळीच्या परंपरेलाही अधिकाराचे स्थान देतात आणि त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. तो भेद खरा आहे, पण तुमच्या घरातल्या प्रश्नापुरते पाहिले, तर कोणा एका व्यक्तीचा खासगी संदेश शास्त्रावर मात करू शकत नाही, याबाबत तेही आपल्याबरोबरच आहेत.

आता सासूबाईंच्या बाजूने पाहू. त्यांची श्रद्धा खरी आहे. मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर असताना ज्या आईला धीराचा शब्द मिळाला, ती तो शब्द देणारीला विसरणार कशी? म्हणून त्या भगिनींवर तुटून पडू नका. त्या स्त्री आहेत म्हणून त्यांनी बोलू नये, असे जर कोणी म्हणत असेल, तर तेही टाकून द्या. कैसरीयाला प्रचारक फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असत, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. संदेश देणे हेच मुळात खोटे, असेही मी म्हणणार नाही. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की, आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि त्याच दमात लिहितो, “सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.” करिंथकरांना तर तो सांगतो की, संदेष्ट्यांनी दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. म्हणजे ऐकणाऱ्याने पारख करणे हा अविश्वास होत नाही. तेही आज्ञापालनच आहे.

‘एक संदेश खरा ठरला’ याचे काय करायचे? जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशे हाच प्रसंग घेतो. एखादा संदेष्टा चिन्ह सांगेल, ते घडूनही येईल, पण त्याच्या आधाराने तो तुम्हांला देवाच्या आज्ञेपासून दूर नेऊ लागेल, तर त्याचे ऐकू नका. म्हणजे एखादी गोष्ट घडून येणे हे शेवटचे प्रमाण नाही. शिवाय तुमच्या पतीचे ऑपरेशन सुखरूप व्हावे म्हणून सबंध मंडळी प्रार्थना करत होती आणि शल्यचिकित्सकही आपले काम करत होते, हे सासूबाईंना प्रेमाने आठवून द्या.

आणखी एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात संदेश खराच होता. त्याच फिलिप्पाच्या घरी यहूदीयातून अगब नावाचा संदेष्टा आला. त्याने पौलाचा कमरबंद घेतला, स्वतःचे हातपाय त्याने बांधले आणि म्हणाला की, हा कमरबंद ज्याचा आहे, त्याला यरुशलेमेत असेच बांधतील. ते ऐकून घरातले सगळे रडू लागले आणि जाऊ नको म्हणून पौलाची विनवणी करू लागले. पौल गेला, आणि त्याला बंदी केले गेले. संदेश खरा, रडणाऱ्यांचे प्रेमही खरे, तरीही त्या संदेशावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष पौलाने स्वीकारला नाही. एखाद्याला देवाकडून काही उमगले, तरी त्यावरून दुसऱ्याने आयुष्यात काय करावे, हे ठरवण्याची सत्ता आपोआप त्याच्या हाती येत नाही.

मग लग्नाचे काय? देवाने जोडून दिलेले लग्न म्हटले की, आपल्याकडे इसहाक आणि रिबकेची गोष्ट सांगतात आणि बहुतेक वेळा ती विहिरीवरच थांबते. उत्पत्तीचा चोविसावा अध्याय सासूबाईंबरोबर शेवटपर्यंत वाचा. अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याच्यासाठी वधू शोधायला पाठवलेल्या दासाने प्रार्थना केली, चिन्ह मागितले, ते जसेच्या तसे मिळाले. रिबकेचा भाऊ लाबान आणि वडील बथुवेल यांनीही मान्य केले की, ही गोष्ट परमेश्वराकडून आहे. यापेक्षा स्पष्ट संकेत कोणाला मिळणार? तरीही दुसऱ्या सकाळी त्या घरातली माणसे काय म्हणाली? मुलीला बोलावू आणि तिच्याच तोंडून ऐकू. तिला बोलावून त्यांनी विचारले, या माणसाबरोबर तू जाशील काय? ती म्हणाली, मी जाईन. तेव्हा प्रश्न लगेच निघण्याचा होता, हे मला ठाऊक आहे. तरी इतक्या जुन्या काळी, इतक्या उघड चिन्हानंतरही, मुलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला कोणी उंटावर बसवले नाही. तुमच्या मुलीला हा प्रश्न अजून कोणी विचारलेला दिसत नाही. ती रडते, असे तुम्ही लिहिता. ते रडणे हेच तिचे उत्तर असू शकते. पौलही विधवेच्या पुनर्विवाहाविषयी लिहिताना सांगतो की, तिची इच्छा असेल त्याच्याशी तिने लग्न करावे, मात्र ते प्रभूमध्ये असावे. वचनाने घातलेली अट एवढीच आहे. अमक्याच सेवकाशी, अमक्याच वर्षी, शिक्षण टाकून, हे वचनात कुठेही नाही.

इथे सावधही करते. तुमच्याविरुद्धही वचने उद्धृत होतील. आईबापांचा मान राख, मुलांनो आज्ञा पाळा, ही वचने मुलीपुढे ठेवली जातील. ती वचने खरी आहेत; पण इफिसकरांच्या त्याच अध्यायात, आज्ञा पाळण्याच्या वचनापासून जेमतेम तीन ओव्या पुढे, बापांना सांगितले आहे की, मुलांना चिरडीस आणू नका. रानात सैतानाने येशूपुढे स्तोत्रातलेच शब्द ठेवले होते, हे विसरू नका. प्रभूने त्याला उत्तर दिले तेही ‘असेही लिहिले आहे’ असे म्हणूनच. एक ओवी उचलून समोरच्यावर टाकणे आणि सगळ्या शास्त्राच्या उजेडात तिचा अर्थ लावणे, यांत फार अंतर आहे. मी स्वतः तरुणपणी बदलीचा निर्णय घ्यायचा होता तेव्हा डोळे मिटून बायबल उघडले, बोट ठेवले आणि तिथे ‘ऊठ, जा’ अशा अर्थाचे शब्द निघाले म्हणून आजारी आईला मागे ठेवून गेले. ते शब्द कोणाला, कशासाठी सांगितले होते, हे मी पाहिलेही नाही. आई त्या वर्षी गेली. त्या निर्णयाचा दोष मी वचनाला देऊ शकत नाही. मी वचन वाचलेच नव्हते, माझ्या मनातली इच्छा मी त्याच्या तोंडी घातली होती. म्हणून कळकळीने सांगते, असे करू नका आणि घरात कोणाला करू देऊ नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मी काही शिकलेली नाही, मी त्यांना काय विचारणार?’ ते मी वरच्या संक्षेपात घेतले नाही, कारण त्याचे उत्तर मला वेगळे द्यायचे होते. तुमचा मुलगा पुण्याला रेल्वेने जातो, तेव्हा दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते. तिथे मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षे हिब्रू आणि ग्रीक यांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, ती बाई उतारवयात मूळ भाषा शिकून, एकेक शब्द तपासत, साध्या बायांना कळेल असे मराठी शोधत बसली. तिथे छपाईच्या कामाला मुक्तीतल्याच मुली आणि बाया होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्र काही मोजक्या लोकांच्याच मुठीत असले म्हणजे बाकीच्यांचे, त्यातही बायकांचे, काय होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. तुमच्यासारख्या बाईला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, तिने स्वतः पान उघडून वाचावे, एवढ्यासाठी हे सारे झाले. बिरुयातल्या लोकांनी तर पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्रात शोधून पाहिले आणि त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हटले आहे. पौलाला पडताळले तर चालते, मग तुमच्या वस्तीतल्या भगिनींना पडताळले तर कोणाचा अपमान होणार आहे?

काय करायचे, ते आता थोडक्यात लिहिते. त्या भगिनींना घरी बोलवा, चहा द्या आणि नम्रपणे विनंती करा की, हा संदेश पाळकसाहेब आणि मंडळीचे दोघे वडीलधारे यांच्यासमोर पुन्हा सांगावा. त्या देवाच्या भीतीने बोलत असतील, तर तयार होतील. त्यांनी नकार दिला किंवा संकटाची भीती घातली, तर ती गोष्ट सासूबाईंना आपोआप दिसेल, तुम्हांला बोलून दाखवावी लागणार नाही. सासूबाईंशी वाद घालू नका. संध्याकाळच्या वाचनात आठवडाभर उत्पत्तीचा चोविसावा अध्याय आणि कृत्यांचा एकविसावा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मुलाला म्हणावे, तुझे प्रश्न घेऊन ये, पण आधी लूकाचे शुभवर्तमान एकदा सलग वाचून ये. ज्या पुस्तकाचा निकाल द्यायचा, ते वाचलेले तरी असावे. ज्या सेवकाचे नाव सुचवले आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात काही आकस नाही. तो चांगला माणूस असेल, तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबेल. याकोब राहेलीसाठी सात वर्षे राबला.

आणि हे सगळे ठरवायला घरातले बसतील, त्या दिवशी मुलीला कोपऱ्यात उभी ठेवून शेवटी तिचे मत विचारू नका. तिला मध्ये बसवा आणि पाळकसाहेब, सासूबाई, तुमचे पती, तुम्ही, यांच्यापैकी कोणीही बोलण्याआधी तिला बोलू द्या.